पाहुण्यांचं हेल्मेट

निरंजनने बनवलेल्या भुताच्या व्हिडिओ गेमवरचा सिनेमा पाच वर्षं रखडला होता. तीन दिग्दर्शक सोडून गेले. चौथ्याने चाकणच्या एका कारखान्यात शूटिंग लावलं, तर तिथल्या सेफ्टी ऑफिसर चित्रा मॅडम दारातच उभ्या.

“हेल्मेटशिवाय आत कुणी जाणार नाही.”

“मॅडम, हे भूत आहे,” दिग्दर्शकाने भुताच्या वेशातल्या नटाकडे बोट दाखवलं.

“बाहेरचं आहे ना? मग त्याला पाहुण्यांचं पांढरं हेल्मेट द्या. तपासणीला येणाऱ्या सेफ्टी ऑडिटरलाही तेच असतं.”

निर्मात्याने कपाळाला हात लावला. “निरंजनराव, पहिला सीन शूट करून आधी इथल्या कामगारांनाच दाखवू. ते हसले, तर सिनेमा बंद.”

शिफ्ट सुटल्यावर कॅन्टीनमध्ये पडदा लागला. पडद्यावर बंद मशीनमागून एक पांढरं हेल्मेट हळूहळू वर आलं.



“ऑडिटर!” चित्रा मॅडम किंचाळल्या, आणि अख्ख्या कॅन्टीनने मांडीवरची हेल्मेटं डोक्यावर चढवली.