खतातला खुळखुळा

नवऱ्यानं तिच्यासाठी सोडलेल्या दोन गुंठ्यांत सोनालीनं पहिल्यांदाच हौसेनं स्वतःचे टोमॅटो लावले, आणि आठव्या दिवशी रोपं करपली. “कच्चं लेंडीखत घातलंस गं, मुळ्यांना आच लागली,” सासू म्हणाली. “न्हाय वो आत्या. दीड वर्ष कुजलेलं हाय. माझ्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलंय की भावानं!” भावाचा खरेपणा दाखवायला तिनं बांधावरचं त्याच्या खताचं उरलेलं पोतं सासूसमोर ओतलं. वरचं खत काळं, भुसभुशीत. खालून घरंगळल्या अख्ख्या लेंड्या, आणि त्यांच्यामागून लाल खुळखुळा. मामानं भाचीच्या बारशाला आणलेला, माहेरीच हरवलेला. बारशाला अजून तीन महिनेही झाले नव्हते. तेवढ्यात भावाचाच फोन आला. “काय ताई, रोपांनी जीव धरला?” तिनं खुळखुळा फोनजवळ वाजवला. “बिरू, वळखतोस का ह्यो? तुझ्या दीड वर्षाच्या खतात घावला.”