सांत्वनाला मनाई

फोन टेबलावर वाजत होता आणि मच्छिंद्र त्याच्याकडे बघत नुसता उभा होता. पडद्यावर नाव होतं अकिन्यीचं. केनियातल्या त्या गावात तिच्या नवऱ्याच्या, ओचिएंगच्या, दफनाला माणसं जमली होती आणि तिला मच्छिंद्रकडून दोन शब्द हवे होते. तसा निरोप तिने सकाळीच पाठवला होता.

"उचला ना," कुसुम म्हणाली.

"नाही उचलता येत. सांगितलंय ना तुला."

सांगितलं होतं. हडपसरच्या ज्या कंपनीत मच्छिंद्रची हयात गेली, तिथली यंत्रं परदेशातल्या साखर कारखान्यांत जातात. साखर आणि मळी वेगळी करायला जाळीचा एक मोठा ड्रम गरगर फिरतो; केनियात बसवलेला तसला एक ड्रम गेल्या आठवड्यात चालता चालता फुटला. शेजारी ओचिएंग उभा होता. तो ड्रम बसवायला मच्छिंद्रच गेला होता. आणि त्याच्याही आधी, यंत्र शिकायला ओचिएंग पुण्यात आला, तेव्हा कंपनीने दिलेलं हॉटेल सोडून मांजरी गावात यांच्याच घरी येऊन राहिला होता. कुसुमला वहिनी म्हणायचा. हौसेने भाकरी थापायला बसायचा आणि आफ्रिकेचा नकाशा करून उठायचा.

बातमी आली त्याच दिवशी कंपनीच्या वकील स्वराली यांनी मच्छिंद्रला केबिनमध्ये बोलावून घेतलं. वयाने त्या त्याच्या लेकीएवढ्या.

"काका, खटला तिथल्या कोर्टात उभा राहणार. कायदा तिथला, न्यायाधीश तिथले. आपल्या माणसाने नुसतं 'माफ करा' म्हटलं, तरी तेच कबुली म्हणून वाचून दाखवतील. विमा कंपनी त्या दिवशी हात झटकून मोकळी होईल. तेव्हा फोन नाही, मेसेज नाही. हारसुद्धा पाठवायचा नाही."

"पण चूक कुणाची ते अजून ठरलंय कुठे?"

"तुम्हाला माहीत आहे का, आपली नव्हती म्हणून?"

बातमी ऐकल्यापासून मच्छिंद्र मनातल्या मनात तो ड्रम पुन्हा पुन्हा बसवत होता, एकेक बोल्ट आवळून बघत होता. कुठे काही राहून गेलेलं सापडत नव्हतं. आणि काही राहिलंच नाही, असं छातीठोक म्हणायला मन धजत नव्हतं.

"नाही माहीत," तो म्हणाला.

"मग बोलू नका. खोटं न बोलण्याचा तेवढाच एक मार्ग उरलाय आपल्याला." मग खाली बघत त्या हळूच म्हणाल्या, "मला काय वाटतं ते विचारू नका, काका. वाटणं हे माझं काम नाही."

फोन वाजून थांबला. क्षणभराने पुन्हा वाजू लागला.

"मी काही तुमच्या कंपनीत नाही," कुसुम म्हणाली. तिने पदराला हात पुसले. "तुम्ही त्या भिंतीशी बसा. दिसू नका."

आणि तो काही म्हणायच्या आत तिने फोन उचलला.

पडद्यावर लाल माती, वर मांडव, मांडवाखाली उभी असलेली माणसं. त्यांच्यामध्ये अकिन्यीचा सुजलेला चेहरा. कुसुमने आधी इंग्रजीत दोन-तीन शब्द जोडून पाहिले. जमेना, तेव्हा सरळ मराठीत बोलू लागली.

"भाऊ होता गं तो माझा. जाताना म्हणाला होता, पुढच्या खेपेला बायकोला घेऊन येतो, वहिनी. मी म्हटलं, नुसतं म्हणू नकोस, ये. मी पुरणपोळी करते. आता कुणासाठी करू?"

तिथे कुणालाच अक्षर कळलं नसेल. पण मांडव चिडीचूप झाला. कुणीतरी म्हातारी मागून हुंदका देऊन "आमेन" म्हणाली.

अकिन्यीने डोळे टिपले आणि सावकाश, कुसुमला समजेल अशा सोप्या इंग्रजीत विचारलं, "मच्छिंद्र कुठे आहेत? किती फोन केले मी. बरे आहेत ना? मला भीती वाटली, त्यांनाही काही झालं की काय."

कुसुमने भिंतीकडे पाहिलं. मच्छिंद्रने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

"घरी नाहीत," ती म्हणाली. "बाहेर गेलेत."

"आले की सांगा," अकिन्यी म्हणाली, "आम्ही त्यांच्यासाठी थांबलो होतो."

तिने फोन कुणाच्या तरी हातात दिला. आता पडद्यावर खड्डा दिसत होता आणि त्यात उतरवलेली पेटी. एकेक जण पुढे होऊन माती टाकत होता. ओचिएंगचा धाकटा भाऊ आला, वाकला, त्याने मूठभर माती टाकली. पण तो बाजूला झाला नाही. पुन्हा वाकला, दुसरी मूठ भरून घेतली आणि आपल्या भाषेत जमलेल्यांना काहीतरी सांगितलं. त्यातला एकच शब्द या घरात कळला. उच्चार मोडका होता, पण नाव मच्छिंद्रचंच होतं.

माती खाली गेली.

मच्छिंद्र भिंतीचा आधार घेत उठला आणि हात जोडून उभा राहिला, फोनमध्ये दिसणार नाही इतका लांब.