तिसऱ्या परिच्छेदातलं वाक्य

"माझा मृत्युलेख उघड बघू," तोफसाहेब खुर्ची ओढत म्हणाला.

उपसंपादिकेने मान वर केली. वर्तमानपत्रात बड्या लोकांचे मृत्युलेख आधीच लिहून ठेवलेले असतात. माणूस गेला की तारीख घालायची आणि छापायचं. तोफसाहेबाने स्वतः कितीतरी जणांना असं जिवंतपणी वाटेला लावलं होतं. आपलाही तयार आहे हे आज कॅन्टीनमध्ये कानावर आलं आणि स्वारी तडक वर आली. "दाखवून टाका, नाहीतर जायचा नाही," म्हणून संपादकांनी हात झटकले.

तिने फाइल उघडली. तो चष्मा पुसून वाचायला लागला. पहिल्या परिच्छेदात 'परखड' होतं, मान डोलली. दुसऱ्यात त्याचा रविवारचा स्तंभ होता. बायकांनी उंबरठा ओलांडावा का, तरुणांना लाज उरली आहे का, संसार कुणामुळे मोडतात, असले प्रश्न विचारायचे आणि उत्तर आधीच ठरलेलं. निम्मे वाचक शिव्या घालायचे, निम्मे कात्रणं जपायचे आणि साहेब दोन्हींवर फुगायचा. 'वादग्रस्त' या शब्दाशी तर तो गालातल्या गालात हसला.

तिसऱ्या परिच्छेदाशी हसू थिजलं.

'मुलींना घटस्फोटाचे धडे दिल्याचा आरोप त्यांनी एका शिक्षिकेवर केला. त्यात तिची नोकरी गेली. आरोप खोटा होता.'

"हे काय लिहिलंयस?"

"झालं ते लिहिलंय, सर."

झालं होतं एवढंच, की नागरिकशास्त्राच्या बाई वरच्या वर्गातल्या मुलींना न्यायालयाचं काम दाखवायला घेऊन गेल्या आणि नेमका त्या दिवशी तिथे घटस्फोटाचा खटला होता. तेवढ्यावर साहेबाने घरबसल्या अख्खा रविवार सजवला. शाळेत पाऊल टाकलं नाही, बाईंना साधा फोन केला नाही. त्याला पुरस्कार मिळाला, बाईंना शाळेने घरी बसवलं. पुढे चौकशीत त्या निर्दोष ठरल्या तेव्हा दोन ओळींचा खुलासा आला, हरवलं-सापडलंच्या खाली. त्यांचं नंतर काय झालं, हे त्याने कधी कुणाला विचारलं नाही. हल्ली चूक कबूल करणारी माणसंच उरली नाहीत, यावर मात्र तो दरवर्षी लिहायचा.

"काढ ते."

"नाही काढणार."

"मी कोण आहे, ठाऊक आहे ना तुला?"

"तेच तर लिहिलंय."

तो लालबुंद झाला. मग आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "अगं, जुनी मढी कशाला उकरतेस? घरी नातवंडं आहेत. वाचतील ती."

तिला क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच.

"बाई हो म्हणाल्या तर काढते."

"म्हणेलच की! माझ्यामुळे तर तिचं नाव झालं."

काय बोलावं या माणसाला! उपसंपादिकेने नंबर शोधला.

"स्पीकरवर लाव," तो म्हणाला. "आणि तूच बोल." जन्मभर लोकांना खडे बोल सुनावले, पण एक फोन त्याच्याच्याने होईना.

"थांबा हं जरा," पलीकडून दम लागलेला आवाज आला. "जिना चढून आलेय." बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला. मग उपसंपादिकेने सगळं सांगितलं. मृत्युलेख, ते वाक्य, साहेबाची मागणी.

"गेले का ते?" बाईंनी विचारलं.

"नाही. माझ्या समोर बसलेत."

"काही म्हणायचंय का त्यांना?"

उपसंपादिकेने फोन त्याच्याकडे सरकवला. 'चुकलो' म्हणायला कितीसा वेळ लागतो? त्याने घसा खाकरला, ओठ हलवले आणि एका बोटाने फोन परत ढकलला.

"तू विचार ना," तो पुटपुटला. "काढलं तर चालेल का, एवढंच."

बाईंनी ते ऐकलं असावं. त्या हसल्यासारख्या वाटल्या.

"हे बघा, गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत, असं माझ्या आईने शिकवलंय. ते गेले की मला फोन करा. मी 'काढा' म्हणेन. तोवर राहू दे." आणि त्यांनी फोन ठेवला.

"बघ!" तोफसाहेब खुलला. "म्हणाली की नाही? काढ आता."

"तुम्ही गेल्यावर, सर."

तिने वाक्याखाली टाइप केलं, 'निधनानंतर बाईंना फोन करणे, मगच काढणे.' पुढे त्यांचा नंबर घातला आणि फाइल बंद केली.

तो रिकाम्या पडद्याकडे बघत राहिला. "मग काढलं की नाही, हे मला कसं कळणार?"

"नाही कळणार."

तो उठला. कुणी उठून उभं राहिलं नाही. दारापर्यंत गेला आणि तिथेच थबकला. काहीतरी डोक्यात आलं असावं, चेहरा पार उतरला होता. तसाच माघारी आला आणि खुर्चीच्या पाठीला धरून वाकला.

"आणि तीच आधी गेली तर?"

"तर वाक्य राहील."

मग त्या ऑफिसात कुणी कधी ऐकला नव्हता असल्या मऊ आवाजात त्याने विचारलं,

"फार धाप लागत होती गं त्यांना. तब्येत बरी असते ना बाईंची?"