तेलात पाणी

अर्धांगवायूनंतर अप्पांना तंजावूरबाहेरच्या नारळीच्या बागेत फिरता आलं नव्हतं, म्हणून मी बागकामाचा जुना ट्रॅक्टर ऑनलाइन घेतला. दोष निघाला तर विकणाऱ्याचा माणूस आजच परत नेणार होता. बॅटरीचं व्होल्टेज बरोबर आलं, बेल्टही ठीक होता. तेल मोजायची पट्टी काढली. तेल दुधाळ दिसलं. इंजिनात पाणी शिरलं होतं. “अप्पा, परत पाठवू या.” अम्माच्या आधारानं सीटवर बसलेल्या अप्पांचे डोळे मिटले होते. इंजिन बंद, पण हात स्टिअरिंग वळवत होते. “हळू बोल. कालव्याकाठानं चाललोय, बगळे उडतील.” “अय्यो, मला सोडूनच?” म्हणत अम्मानं चारही चाकांपुढे लिंबं ठेवली. आमच्याकडे लिंबं चिरडून गेलेलं वाहन घरचं ठरतं, परत जात नाही. मी पट्टी पुसून जागेवर घातली, गिअर न्यूट्रलला आणला आणि आम्ही दोघी मागून ढकलू लागलो.