बाहेर राहिलेला पट्टा

"बाकी कशाला हात लावू नका. पट्टा तेवढा आत जाऊ दे," असं म्हणून म्हातारी गॅरेजच्या दारातल्या स्टुलावर टेकली.

मिस्त्री या घरची गाडी दहा वर्षं बघत होता. तीन महिन्यांपूर्वी ती एका पादचाऱ्याला उडवून झाडावर आदळली. माणूस जागीच गेला. गाडीत दोघे भाऊ होते. धाकट्याने पोलिसांत सांगितलं, गाडी मी चालवत होतो. तो तेव्हापासून कोठडीत होता आणि सोमवारी निकाल होता. अशा दिवसांत थोरल्याने आईला एकटीला गॅरेजवर पाठवावं, हे मिस्त्रीच्या डोक्यात गेलं.

ड्रायव्हरचा पट्टा बाहेर लोंबत होता. मिस्त्रीने ओढला, सोडला. ढिम्म हलेना. जोराची धडक बसली की पट्टा अंगावर असतो तेवढाच बाहेर राहून जाम होतो, हे त्याने कितीदा पाहिलं होतं. सवयीने तो सीटवर बसला आणि पट्टा लावला. पोटापुढे चांगली दोन वीत जागा उरली.

मिस्त्री अंगाने शिडशिडीत. धाकटा तर त्याच्याहूनही काडी. एवढा पट्टा लागेल असं पोट त्या घरात एकट्या थोरल्याचं होतं.

बसल्या जागी त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोराने स्वतःच कबुली दिल्यावर पट्ट्याकडे बघतंय कोण! तो बाहेर आला.

"मावशी, हा पट्टा मी दुरुस्त करणार नाही."

"का? नवीन बसवा मग."

"नवीन नाही आणि जुना नाही. गाडी अशीच वकिलाला दाखवा. धाकटा चालवतच नव्हता. तुमच्या थोरल्याने स्वतःची कातडी वाचवायला त्याला पुढे केलंय." मिस्त्रीने हातातलं फडकं बाजूला टाकलं. "पोरगं सुटेल, मावशी. मी येतो कोर्टात सांगायला."

म्हातारीने चष्मा काढला, पुसला, परत लावला. आता हिला रडू फुटणार असं वाटून मिस्त्रीने पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने तो घेतला नाही.

"थोरल्याला यातलं काही सुचलं नव्हतं, मिस्त्री. तो तर पोलिसांकडे निघाला होता," ती म्हणाली. "त्याला दोन लेकरं आहेत. धाकट्याच्या मागे कोणी नाही, म्हणून त्याला मीच पाठवला."