हवा सोड

सुईचं टोक वितळून त्याचा गोळा झाला, तेव्हा पुंडलिक मेस्त्रीनं पहिली शिवी मशीनला घातली आणि दुसरी स्वतःला. कांडीच्या वेल्डिंगला लावतो तशाच त्यानं केबली लावल्या होत्या. टिगला, म्हणजे गॅस सोडत सुईनं करायच्या वेल्डिंगला, त्या उलट हव्यात, सुई मायनसला आणि अर्थची केबल प्लसला, हे टिग शिकवणाऱ्या बेळगावच्या माणसानं त्याला बजावून सांगितलं होतं. पण हाताची सवय सांगितल्यानं थोडीच जाते.

लाडूनं केबली बदलल्या. मशीन डिझेलवरचं, जुनं, हँडल मारता मारता खांदा निखळायची वेळ आली की मग कुठे धडधडायला लागायचं. लाडू कुंभारवाड्याकडचा, दोन लेकरांचा बाप. भाताचं काम उरकलं की तो रामनगरला मेस्त्रीच्या हाताखाली राबायला यायचा. मेस्त्रीवर त्याचा फार जीव होता.

गॅरेजसमोर दुधाचा टँकर उभा होता, गोव्याच्या वाटेवर अडकलेला. आतल्या स्टीलच्या पत्र्याला चीर गेली होती. स्टीलचं काम निघालं की गाड्या रामनगरला न थांबता सरळ बेळगाव गाठायच्या, आणि हे मेस्त्रीला फार दिवसांपासून सलत होतं. म्हणून तर त्यानं कुणाचा तरी सुई बसवायचा जुना टॉर्च आणि आर्गनचा सिलिंडर पैदा केला होता. हे काम साधलं तर ड्रायव्हर लोक चार ठिकाणी नाव काढतील, अशी त्याला आशा होती.

टॉर्चवरचा कॉक गंजून बसलेला. तेव्हा गॅस सिलिंडरवरूनच सोडायचा आणि तिथूनच बंद करायचा असं ठरलं, आणि ते काम लाडूकडे आलं. मीटरच्या काचनळीत एक गोळी होती. गॅस सोडला की ती टुणकन वर चढायची. लाडूला ती भारी आवडली. गॅसचं नाव मात्र काही केल्या त्याच्या जिभेवर बसेना. अर्गान म्हणून झालं, आरगण म्हणून झालं. मेस्त्री पोट धरून हसला.

"मरू दे ते नाव. हवाच म्हण," तो म्हणाला. "मी हवा सोड म्हटलं की सोडायची. बंद म्हटलं की बंद. ही जळत न्हाई, वास मारत न्हाई. हवाच की ही."

लाडूला ते पटलं. गॅस म्हणजे भडका, एवढं त्याला ठाऊक होतं. जिचा भडका होत नाही ती हवाच असणार.

भंगारातल्या पत्र्यावर मेस्त्रीनं सांधा मारून पाहिला. सांधा चांदीसारखा उठला. मेस्त्रीनं तो ड्रायव्हरला दाखवला, लाडूला दाखवला, रस्त्यानं जाणाऱ्या एकाला हाक मारून दाखवला. मग टँकरच्या वरच्या गोल झाकणातून लहान शिडी आत सोडली आणि टॉर्च घेऊन तो उतरला. धूर आत जाऊ नये म्हणून मशीन त्यांनी लांब ढकलून ठेवलं होतं.

आधी सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. आतून आवाज यायचा, हवा सोड, हवा बंद. लाडू हुकमाबरोबर चावी फिरवायचा. पुढे मेस्त्री कामात रंगला आणि बंद म्हणायचं विसरू लागला. लाडूनंही मग चावी तशीच राहू दिली.

बऱ्याच वेळानं आतून हाक आली.

"लाडू... हवा."

लाडूनं चावी आणखी फिरवली. गोळी अजून वर चढली.

"हवा रे..." या खेपेला आवाज बारीक होता.

मेस्त्रीला कमी पडायला नको म्हणून लाडूनं चावी पुरी सोडली. गोळी नळीच्या टोकाला जाऊन चिकटली. "आता लई सोडलीया," त्यानं ओरडून सांगितलं.

उत्तर आलं नाही. झाकणातून वेल्डिंगचा उजेडही दिसेना, तेव्हा तो वर चढला. मेस्त्री शिडीपर्यंत सरकत आला होता आणि पायरीत हात अडकवून पडला होता. लाडू कमरेपर्यंत आत लोंबकळला. त्याचंही डोकं गरगरलं. ड्रायव्हरनं त्याचे पाय धरून ठेवले, आणि दोघांनी मिळून मेस्त्रीला बाहेर ओढलं. तोवर सगळं संपलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी लाडूकडून सगळं विचारून घेतलं आणि मग शांतपणे समजावून सांगितलं. ही हवा नव्हे. ही जड असते, तळाशी साठते, आणि माणूस जी हवा श्वासात घेतो ती बाहेर ढकलते. लाडूनं विचारलं, मी चावी बंद केली असती तर? कदाचित वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. लाडूला वाटलं, आत्ताच्या आत्ता जमीन दुभंगावी आणि आपल्याला गिळावी.

मेस्त्रीच्या घरी बायका जमल्या होत्या. त्याची बायको सावित्री भिंतीला टेकून बसली होती. मरताना त्याच्या तोंडात पाणी घालायला आपलं माणूस जवळ नव्हतं, हे एकच ती पुन्हा पुन्हा बोलत होती. लाडू दारात दिसला तशी तिनं त्याला आत बोलावून जवळ बसवलं.

"भावजी, तुम्ही हुतासा तिथं. पाणी मागितलं काय त्यांनी?"

"न्हाई, वैनी," लाडू म्हणाला. "हवा मागितली."

"मग?"

सगळं सांगून टाकायचं असं ठरवूनच तो आला होता. पण ती त्याच्या तोंडाकडे अशी बघत होती की त्याच्या घशातून एकच शब्द निघाला.

"दिली."

सावित्रीनं डोळे मिटले. "तुमचे लई उपकार झाले, भावजी," ती म्हणाली, आणि लाडूचे दोन्ही हात धरून तिनं आपल्या कपाळाला टेकवले.