काट्यावर कुणीच चढलं नाही
अमेरिकेतल्या याकिमा गावी सफरचंदं पेट्यांत भरायच्या शेडमधली पाळी सुटली की दर बुधवारी बारा बायका चर्चच्या हॉलमध्ये माझ्या वर्गाला यायच्या. कॅन्सर टाळायचा तर काय खावं, किती चालावं, हे मी शिकवायचे आणि दर वेळी त्यांची वजनं टिपून घ्यायचे. सगळ्यांत मनापासून शिकली ती एल्विरामावशी. तिने चरबीत परतलेला राजमासुद्धा सोडला. सातव्या बुधवारी तिने माझा हात स्वतःच्या काखेत नेऊन दाबला. गाठ होती. मी तिच्यासमोरच हे वर्ग चालवणाऱ्या प्रकल्पाच्या प्रमुख मॅडमना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "आपला प्रकल्प निरोगी लोकांसाठी आहे," त्या म्हणाल्या. "तिचं नाव कमी कर आणि बाकीच्यांची वजनं आजच पाठव." मावशी मला म्हणाली, "सहा आठवडे माझ्या ताटातल्या मक्याच्या टॉर्टिया मोजल्यास ना, पोरी? आता ही गाठ कोण मोजणार?" वजनकाट्यापाशी उभी असलेली रेमेदिओस काढलेले बूट परत घालू लागली. "ऐकताय ना, मॅडम? हिला तपासणीची तारीख मिळेपर्यंत मी काट्यावर चढणार नाही." बाकीच्या दहाजणीही खुर्च्या ओढून बसल्या. मग मीही बसले. मॅडमनी आधी समजावलं, मग मला नोकरीवरून काढीन म्हणाल्या, मग फोन ठेवून दिला. चाळीस मिनिटांनी त्यांचाच फोन आला: मंगळवारी सकाळी नऊ वाजता, सरकारी दवाखान्यात, फुकट. मावशीने आभार मानले नाहीत. फोनकडे रोखून बघत ती एवढंच म्हणाली, "म्हणजे तारीख होतीच."